तिटेची चांदणी

माझ्या मुलीने मोबाईलवरच्या एका खेळात यंत्रमागाचा कारखाना बांधला होता. तो कारखाना यादीत पहिल्या विसात राहतो की नाही, यावर तिचं पुण्याला जाणं ठरणार होतं. त्या आठवड्यात जे झालं ते कुणाला बोलून सांगणं मला जमलेलं नाही. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, आणि घरात सांगावं तर घरातल्यांना सगळं ठाऊकच आहे. म्हणून लिहिते आहे.

खेळ असा आहे. एक जण शोधणारा असतो, बाकीचे लपतात, पळतात. पळायची जागा खेळ काढणाऱ्यांनी एकच दिलेली नाही. कुणीही आपली जागा बांधून तिथं ठेवावी, आणि कुठल्याही गावच्या माणसाने येऊन तिथं खेळावं. त्या जागेला मॅप म्हणतात. मुलगी पहिल्यांदा "मी मॅप करते" म्हणाली तेव्हा मला शाळेच्या भिंतीवरचा नकाशा आठवला, निळ्या नद्या आणि तपकिरी डोंगर. मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती आणि माझी नकाशाशी ओळखही तेवढ्यापुरतीच. हिचा मॅप तसला नव्हता. त्यात भिंती उभ्या राहायच्या, जिना चढता यायचा, दार लोटलं की करकरायचं.

मी अक्कलकोट रस्त्याकडच्या एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. मुलगी लहानपणी मला डबा द्यायला यायची, पण मागाच्या खात्यात तिला कुणी जाऊ दिलं नव्हतं. मॅप बांधायला घेतला तेव्हा ती माझ्या भाकरी चाललेल्या असताना चुलीच्या ओट्याला टेकून विचारत बसायची.

"आई, आत शिरलं की आधी काय दिसतं?"

"दिसत काय न्हाय. आधी ऐकू येतंय."

"काय ऐकू येतं?"

"खटखट. इतकी, की शेजारची बाई काय म्हणती ते तिच्या ओठावरनं वळखायचं."

तिने मला माझ्याच मोबाईलवर मागांचा आवाज भरून आणायला लावला. मी मोबाईल पदराखाली धरून मागाच्या खात्याच्या दारात उभी राहिले होते, चोरी केल्यासारखी. तो आवाज तिने मॅपमध्ये घातला आणि तिथंच तिचा मॅप इतरांपेक्षा वेगळा झाला. बाकीच्या मॅपांत शोधणाऱ्याची पावलं वाजतात, तो जवळ आला की कळतं. हिच्या कारखान्यात मागांपुढे पावलं ऐकूच येत नाहीत. कोण मागून येतंय याचा पत्ता लागत नाही. लोकांना तेच आवडलं. "घाम फुटला" असं कुणीतरी खाली लिहिलं होतं, ते तिने मला दोनदा वाचून दाखवलं.

मला मात्र गच्ची आवडायची. जिना चढून वर गेलं की खटखट एकदम मागे पडायची. वर बांबूंवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातलेल्या, लाल, हिरव्या, हळदी रंगाच्या. त्यांच्यामधून चालावं तसं लडी हलायच्या. तिथं तुमची पावलं तुम्हालाच ऐकू यायची. त्या लडी नीट हलाव्यात म्हणून ती किती तरी दिवस बसली होती. बांधताना तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायची. मी मुद्दाम तिला हाक मारत नसे.

मग मॅप यादीत आला.

त्या खेळात रोज सकाळी दहाला यादी बदलते. किती जण खेळले, किती जणांनी शेवटपर्यंत खेळून संपवलं, किती जण अर्ध्यात सोडून गेले आणि खेळून झाल्यावर पाचांपैकी किती चांदण्या दिल्या, यावर नंबर लागतो. अर्ध्यात सोडलं तर ते वजा धरतात. आपला मॅप कितवा ते सगळ्यांना दिसतं. वरच्यांचे मॅप लोकांना पहिल्यांदा दिसतात, म्हणून तेच जास्त खेळले जातात, म्हणून ते वरच राहतात. खाली गेलेल्याकडे कुणी फिरकत नाही. हे मला तिने सांगितलं. मला ते लगेच पटलं, कारण बाजारात रस्त्याच्या तोंडाशी बसलेल्या बाईची भाजी आधी संपते, हे मी रोज बघते.

पण भाजीवाली दुसऱ्या दिवशी जागा बदलू शकते. माझ्या मुलीने यादीत नाव आल्यापासून मॅपकडे बघणंच सोडलं. ती यादीकडे बघायची. सकाळी दहा वाजायच्या आधी ती चहा घेत नसे. नंबर वर गेला तर कप हातात घ्यायची, खाली गेला तर चहावर साय धरायची. तिचे वडील रात्रपाळीवरून येऊन झोपायच्या तयारीत असायचे. ते एकदा म्हणाले, "मटक्याचा आकडा फुटायची वाट बघितल्यासारखं काय बसतीस ग?"

"मटका नाही, बाबा. मेहनत आहे."

"मटकेवाला पण हेच म्हणतोय."

ती हसली नाही. पूर्वी असल्या बोलण्यावर ती बापाच्या वरताण उत्तर द्यायची.

एके दिवशी कामावरून आले तर ती मोबाईलवर भिंत ओढत होती. मी वाकून पाहिलं. जिन्याच्या जागी सरळ भिंत.

"गच्ची कुटं गेली?"

"काढली."

"का?"

"लोक वर जाऊन रेंगाळतात. तिथं काही घडत नाही, कंटाळून अर्ध्यात निघून जातात. त्यानं नंबर पडतो."

"कुनी सांगितलं तसं?"

"आकड्यांनी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला आवडत नव्हती असं नाही, आई."

गच्ची गेल्यावर मॅप वर चढला. मला वाईट वाटायचं ते वाटलं, पण बोलायला जागा नव्हती. आकडे तिच्या बाजूने होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुण्याहून फोन आला. असले खेळ बनवणारं लहानसं ऑफिस होतं, तिने तिथं अर्ज टाकला होता. बोलणारा माणूस तरुण वाटत होता, सारखा "ओके, ओके" म्हणायचा. मुलीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता म्हणून मला ऐकू आलं. तो म्हणाला, मॅप बांधणारी चार मुलं शिकाऊ म्हणून घ्यायची आहेत, अर्ज खूप आलेत, म्हणून आम्ही सरळ नियम केलाय. येत्या शनिवारी सकाळची यादी बघणार. पहिल्या विसात असाल तर या, नसाल तर पुढच्या वर्षी बघू. त्या दिवशी ती सतरावी होती.

नाही जमलं तर काय, हेही ठरलेलं होतं. तिच्या वडिलांनी नवी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात शब्द टाकून ठेवला होता. महिनाअखेरीपासून गादीवर बसून साड्या उलगडायच्या. काम वाईट नव्हे. पण आठ तास हात साड्यांत आणि डोकं रिकामं, असं ती स्वतःच म्हणाली होती, आणि म्हणताना तिचे डोळे ज्या तऱ्हेने विझले ते मला बघवलं नव्हतं.

मंगळवारी यादीत एक नवा मॅप आला. तोही मागाचा कारखानाच. तेच दार, तीच मागांची रांग, खटखटही तीच, म्हणजे मी पदराखाली भरून आणलेली. फक्त भिंती निळ्या. तो चौदावा होता आणि आमचा एकोणिसावर आला होता. नवीन मॅपाला खेळवाले आपणहून पुढे ढकलतात, असं तिने सांगितलं. तिने तक्रार केली होती, उत्तर यायला आठवडा लागणार होता. शनिवार तर चार दिवसांवर आलेला.

बुधवारी मी डबा भरत असताना ती मागे येऊन उभी राहिली.

"आई, तुझ्या खात्यातल्या बायकांकडे मोबाईल आहेत ना?"

"हायत की."

"त्यांना एकदा मॅप खेळायला सांगशील? दहा मिनिटं लागतात. शेवटपर्यंत खेळायचं आणि चांदण्या द्यायच्या. सगळेच मागतात, आई. तो निळ्या भिंतींवालासुद्धा काल व्हिडिओत मागत होता."

माझ्या हातातलं झाकण तसंच राहिलं. पंधरा-सोळा बायकांसमोर उभं राहून काही मागायचं, हे मी जन्मात केलं नव्हतं. पगार चुकला तरी मी दुसरीला पुढे करते. तिलाही ते माहीत होतं, म्हणून तर ती इतक्या हळू बोलली होती. मी "बघते" म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही शिवलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर बसतो. सगळ्यांत वयस्कर बाईला आम्ही अक्का म्हणतो. त्यांच्या घरी तेलुगू, पण मराठीत भांडायला त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्याशेजारी आपा. आपांचा नवरा रिक्षा चालवतो आणि आपांचं तोंड त्याहून वेगात चालतं. मी घास हातात धरून बसले होते.

"काय ग, गिळत का न्हाईस?" अक्का म्हणाल्या. "नवऱ्यानं मारलं का सासूनं?"

"सासू कवाच गेली, अक्का."

"मग नवऱ्यानं."

सगळ्या हसल्या. त्या हसण्याच्या आडोशाने मी एका दमात सांगून टाकलं. मुलीचा मॅप, पुण्याचं ऑफिस, शनिवार, पहिले वीस. कुणाला काय कळलं कोण जाणे, पण अक्कांना लेकराचं काम आहे एवढं कळलं.

"आगं मग हे सांगायला जीव चाललाय व्हय तुझा? आणा ग मोबाईल सगळ्यांनी. बघू दे पोरीनं काय बांधलंय."

कारखान्यात वायफाय नाही. कुणाचा नेट संपलेला, कुणाच्या मोबाईलमध्ये तो खेळ मावेना, कुणाच्या मुलाने आधीच घालून ठेवलेला. धरून बांधून नऊ-दहा जणींचं जमलं. खेळ सुरू झाला आणि खात्यात ओरडा झाला.

"मेरेकू दिसताच नै, ये भागनेवाला कौन है?" आपा किंचाळल्या.

"आपा, ती तुमीच हाय."

"मैं? इत्ती दुबली?"

अक्का तर पळायलाच तयार नाहीत. "गुडघे दुखत्यात माझे," म्हणाल्या, आणि मोबाईलमध्येही मागाशेजारी नुसत्या उभ्या राहिल्या. शोधणारा त्यांच्या पुढून दोनदा गेला. एका बाईने विचारलं, "वर गच्ची न्हाय का? आपल्या कारखान्याला तर हाय." मी म्हटलं, हुती, काढली.

खेळ संपला आणि प्रत्येकीच्या मोबाईलवर पाच रिकाम्या चांदण्या आल्या. बोट ठेवलं की पिवळ्या व्हायच्या. आपा पाचवीवर बोट ठेवणार, तेवढ्यात अक्कांनी त्यांचा हात धरला.

"थांब. पुरं भरायचं न्हाय."

"क्यूं?"

"असं सगळ्यांनी गच्च भरून दिलं की दृष्ट लागती. लेकराला नटवल्यावर गालाला तीट लावतो का न्हाय? एक चांदणी काळी ऱ्हाऊ द्यायची. तिटेची."

कुणी वाद घातला नाही. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आपांनीही "हौ, नजर बुरी चीज है" म्हणून चार दाबल्या. मीही माझ्या मोबाईलवर चार दिल्या. उलट मला बरं वाटलं. जिला कुणी ओळखत नाही अशा माझ्या मुलीच्या गालाला दहा बायांनी एकेक बोट काजळ लावलं, असं काहीतरी माझ्या मनात आलं. संध्याकाळी घरी गेल्यावर मी मुलीला सांगितलं, "समद्यांनी चांदण्या दिल्या. भरून दिल्या." तिने माझ्या गळ्यात हात टाकला.

गुरुवारी संध्याकाळी कामावरून आले तर घरात दिवा लावलेला नव्हता. तिचे वडील पाळीवर गेले होते. ती भिंतीला टेकून मोबाईलवर काहीतरी लिहीत होती. बोटं इतक्या जोरात आपटत होती की टकटक ऐकू येत होती.

"किती?" मी विचारलं. आमच्या घरात तेव्हा दुसरा प्रश्नच नव्हता.

"सत्तावीस."

मी पिशवी खाली ठेवली.

"त्यानं माणसं लावलीत, आई. निळ्यावाल्यानं. हे बघ." तिने मोबाईल माझ्यापुढे केला. तिथं पाच पट्ट्या होत्या. पाच चांदण्या देणाऱ्यांची लांब पट्टी, खाली चारची बारीक पट्टी. "ही चारची काल एकदम वाढली. एका दुपारी. अर्ध्या तासात. असं आपोआप होत नाही. कुणीतरी एकत्र बसवून करून घेतलंय."

"चार म्हंजे चांगलंच की."

"चार म्हणजे नापास, आई. तिथं पाच दिले तर पास, चार दिले की खाली. पहिल्या विसात सगळे पाचवाले आहेत, एवढ्या चारांनी माणूस बुडतो. एकच्या ऐवजी चार देतात, म्हणजे शंका येऊ नये." ती पुन्हा लिहायला लागली. "मी सगळं उघड टाकतेय. त्याचं नाव घेऊन. बघणारे बघतील."

"काय लिवलंस?"

तिने वाचून दाखवलं. त्यात चोर हा शब्द तीनदा होता. माझा मॅप चोरलास, माझा आवाज चोरलास, आता माझा नंबर चोरतोस. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या. शेवटी तिने त्याला एक असं काही म्हटलं होतं, जे मी इथं लिहिणार नाही. तिच्या तोंडून तसला शब्द मी कधी ऐकला नव्हता.

तिचं बोट आता पाठवायच्या खुणेवर होतं. ते एकदा जगात गेलं की पुण्याच्या ऑफिसलाही दिसणार, निळ्यावालाही उत्तर देणार, आणि त्याने त्या दुपारी असं काही केलेलंच नव्हतं.

"ती आमी हाव," मी म्हटलं.

"काय?"

"चारवाल्या. ती आमी हाव. अक्का, आपा, समद्या. अक्का म्हनल्या एक ठिवायची, तिटेला. दृष्ट लागू नये म्हनून."

तिला आधी शब्द कळले, मग अर्थ कळला, तो तिच्या चेहऱ्यावर चढत गेलेला मला दिसला.

"तू किती दिल्यास?"

मी पिशवीतला डबा काढून बाजूला ठेवला. तिने मोबाईल चादरीवर टाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडते आहे. तर ती हसत होती, पण ते हसणं बरं नव्हतं, त्याला थांबा नव्हता. शेवटी धाप लागल्यावर म्हणाली, "मी त्याला शिव्या घालणार होते. आणि तीट लावत होतीस तू."

तिने लिहिलेलं पुसलं. मग एकदम उठून बसली. "बदलता येतं. पुन्हा शेवटपर्यंत खेळलं की जुन्या चांदण्या बदलता येतात. उद्याची दुपार आहे अजून. आई, उद्या त्यांना सांग. पाच म्हणून सांग. स्पष्ट पाच."

शुक्रवारी सकाळपासून मी किती टॉवेल उसवले ते मुकादमाला विचारावं. सुई सरळ जाईना. एकदा मागणं वेगळं आणि तुम्ही मायेने दिलेलं चुकीचं ठरलं, ते परत घ्या, हे सांगणं वेगळं. डबे उघडायच्या आधीच मी उभी राहिले. बसून बोलले असते तर बोलणंच झालं नसतं.

"अक्का, चार दिल्यानं पोरगी खाली गेली."

मागाच्या खात्यातली खटखट भिंतीपलीकडून येत होती, तेवढीच.

"खाली? आमी दिऊन?"

"तितं चार म्हंजे नापास."

"चार नापास?" एका बाईने विचारलं. "मग आपल्यातल्या निम्म्या जणी तर शाळेत चौथीपतुरच गेल्यात."

कुणीतरी हसलं, पण अक्का हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा ताठ झाला होता. "असली कसली रीत ग? चांगलं म्हनलं तरी वाईट? मग वाईट म्हनायला ठिवलंय काय?"

"मला न्हाय ठावं, अक्का. पुन्हा खेळून पाच द्यायच्यात. आजच."

"आन पाच दिऊन पडली तर? मग म्हनशीला अक्कानं दृष्ट लावली."

"अगे बस कर ना," आपा मोबाईल काढत म्हणाल्या. "अल्ला मालिक है. बच्ची की नौकरी का सवाल है. दबाव पाच."

त्या दिवशी कुणी डब्याला हात लावला नाही. अर्ध्या तासाची सुट्टी, खेळ दहा मिनिटांचा, त्यात एकीचा मोबाईल मध्येच बंद पडला, एकीचा नेट फिरत राहिला. मी दाराकडे तोंड करून उभी होते, मुकादम येतो का बघायला. मागे पळापळ, दबलेले ओरडे, "पळ की मेल्या, मागं हाय तुझ्या!" एकेकीचा खेळ संपत गेला आणि ती मोबाईल वर करून मला पाच पिवळ्या चांदण्या दाखवत गेली. मी मान हलवायची.

घंटा व्हायच्या बेतात अक्कांचा खेळ संपला. त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग त्यांनी चार दाबल्या. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"समद्यांनी भरलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकीची ऱ्हाऊ दे. इतकं उघडं लेकरू सोडायला मला जमायचं न्हाय."

हे मी मुलीला अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी दहा वाजता मी मशीनवर होते. मोबाईल मांडीत ठेवला होता, आवाज बंद करून. तो थरथरला तेव्हा हातातला टॉवेल तिरका शिवला गेला. मुलीने एकच शब्द पाठवला होता. बावीस.

मी मान वर केली तर आख्खं खातं माझ्याकडे बघत होतं. मी बोटांनी दाखवलं, आधी दोन, मग पुन्हा दोन. आपांनी "बाईस?" असं ओठ हलवले. अक्कांनी मान खाली घालून मशीन इतकी जोरात चालवली की त्यांचा दोराच तुटला.

घरी आले तेव्हा ती जेवून बसली होती. पुण्याला काही कळवलं का, विचारलं. ती म्हणाली, "काय कळवू? त्यांनी बघितलं असेल." तिटेची गोष्ट त्यांना सांग, असं सुट्टीमुळे घरी असलेल्या तिच्या वडिलांनी सुचवलं. ती म्हणाली, "बाबा, सबबी ऐकायला त्यांनी नियम केला नाही." वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि साड्यांच्या दुकानाबद्दल त्या दिवशी काही काढलं नाही. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. दहा वाजता ती यादी उघडत नव्हती. पण दहा वाजायला आले की ती भांडी घासायला बसायची, आणि एकच पातेलं घासत राहायची.

खात्यात मात्र वेगळंच झालं होतं. बायकांना खेळाची गोडी लागली होती. चांदण्यांसाठी नाही, उगीचच. सुट्टी झाली की डबे बाजूला आणि मोबाईल हातात. अक्का मागाशेजारी उभ्या राहायच्या, आपा त्यांना शोधायच्या, सापडल्या की दोघी खऱ्याखुऱ्या भांडायच्या. सोळा वर्षांत त्या खात्यात इतकं हसणं मी ऐकलं नव्हतं. घंटा झाली की खेळ तिथंच टाकून सगळ्या मशीनवर.

बुधवारी दुपारी पुण्याचा फोन आला. संध्याकाळी मुलीने मला सांगितलं ते असं. तो माणूस म्हणाला, सॉरी, शनिवारी यादी बघायला वेळच मिळाला नाही, आत्ता बघतोय, तुमचा मॅप तेरावा आहे, ओके, एक तारखेला रुजू व्हा.

"तेरावा?" मी म्हटलं. "कसा काय?"

"माहीत नाही."

"निळ्यावाला?"

"तो चाळीसच्या खाली गेलाय. का ते माहीत नाही. मी काहीच बदललं नाही, आई. एक खिळासुद्धा नाही." ती हे आनंदात सांगत नव्हती. घाबरून सांगत होती. शनिवारी ज्याने बावीस बघितलं असतं त्यानेच बुधवारी तेरा बघितलं, आणि यात तिचं स्वतःचं काय होतं हे तिला शोधून सापडत नव्हतं. मलाही सापडत नव्हतं. मी तिला साखर दिली. तिने ती गिळली.

मग म्हणाली, "एक तारखेपर्यंत विसाच्या आतच ठेवा म्हणाला. मोठ्या साहेबांना दाखवायचंय. आई, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"तुमच्या बायकांना खेळू नका म्हणून सांग. घंटा झाली की अर्ध्यात सोडतात त्या. रोज दहा जणी. ते सगळं वजा होतं. मी गेले की मग खुशाल खेळू देत."

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर खाली केली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं, केस कितीतरी दिवसांत धुतलेले नव्हते. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली तेव्हा आपांनी माझ्यासाठी गठ्ठ्यावर जागा करून ठेवली होती. "आ जल्दी, आज अक्का कू मैं पैलेच पकडती." अक्का चष्मा लावून तयार होत्या. मी आधी सांगितलं की पोरीचं काम झालं. बायकांनी टाळ्या पिटल्या. अक्कांनी दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. ते कडकड वाजणं थांबल्यावर मी उरलेलं सांगितलं.

टाळ्या पिटणारे हात तसेच राहिले.

"खेळायचं न्हाय?" कुणीतरी म्हणालं.

"एक तारखेपतुर."

"आमी खेळल्यानं बी तिचं वाईट हुतंय?"

अक्कांनी चष्मा काढला, घडी घातली आणि मोबाईल पालथा करून टॉवेलांवर ठेवला. "लेकराच्या पायात यायचं नसतंय," त्या म्हणाल्या. मग बाकीच्यांनीही ठेवले. आपांनी सगळ्यांत शेवटी, एक शब्द न बोलता.

सगळ्या जेवायला लागल्या. शेंगांची चटणी इकडून तिकडे गेली, ती कुणी मागितली नाही, कुणी नको म्हटली नाही. भिंतीपलीकडे माग चालू होते. घंटा व्हायला वेळ होता, तरी एकेक बाई उठून मशीनवर जाऊन बसली.